डांबर संपतं तिथून पुढचं काय? मिरगाआधी वस्त्या-तांड्यांनी करायचा विचार

मिरग आठ दिवसांवर आला. पारावर सध्या बियाणं, खत, पीककर्ज एवढंच चालू आहे, आणि ते बरोबरच आहे. पण एक विषय कुणी काढत नाही. डांबरी रस्ता सोडल्यावर आपल्या वस्तीपर्यंत, आखाड्यापर्यंत, तांड्यापर्यंत जो दोन-तीन किलोमीटरचा मातीचा तुकडा लागतो, तिथं रात्री-अपरात्री कुणाच्या जिवावर बेतलं तर माणूस बाहेर काढायचा कसा?

सप्टेंबर २०२५ कुणी विसरलं नसेल. आष्टी तालुक्यात कडा भागात पुरात अडकलेल्या माणसांना काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. महिनाअखेरीस जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गेवराई, माजलगावकडच्या गोदाकाठच्या गावांतून माणसं हलवावी लागली. सिंदफणेनं, मांजरेनं काठची जमीन खरवडून नेली. त्या बातम्या टीव्हीवर आल्या, मोबाईलवर फिरल्या. हेलिकॉप्टर उतरताना लोकांनी व्हिडिओ काढले.

ज्याचा व्हिडिओ निघाला नाही असं एक सांगतो. त्याच महिन्यात आमच्या शिवारात एका वस्तीवर रात्री साडेनऊच्या सुमारास बाईला साप चावला. गोठ्यात वैरण टाकताना. १०८ ला फोन लागला, गाडी निघाली, आणि खरं सांगायचं तर पाऊण तासाच्या आत फाट्यावर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरचा फोन आला, "दादा, पुढं रस्ताच दिसत नाही, पेशंट इथं घेऊन या." त्याचं काही चुकलं नाही. फाट्यापासून वस्ती अडीच किलोमीटर, मधी सगळी काळी जमीन आणि एक नाला. तिथं रुग्णवाहिका घातली असती तर बाईबरोबर गाडीही अडकली असती.

मग ट्रॉलीत बाज टाकली, बाजेवर बाईला झोपवलं, वरून ताडपत्री धरली. नाल्याच्या अलीकडं ट्रॅक्टर मागच्या चाकांनी बसला. दुसरा ट्रॅक्टर आणला, साखळी लावली. घाईत साखळी लावली ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला वरच्या जोडाला, जिथं नांगराचा वरचा दांडा लागतो. ड्रायव्हरनं क्लच सोडला आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं गेलं. मी बॅटरी धरून बाजूलाच उभा होतो. पुढची दोन्ही चाकं माझ्या छातीइतकी वर गेलेली पाहिली. पोरगं हुशार होतं, त्यानं झटक्यात क्लच दाबला, तोंड खाली आपटलं. नाही तर त्या रात्री आमच्याकडं एक नाही, दोन पेशंट झाले असते. आणि दुसऱ्याला दवाखान्यात न्यायची गरजही पडली नसती.

अडीच किलोमीटरला एक तास वीस मिनिटं लागली. फाट्यापासून अंबाजोगाईच्या मेडिकलला पोचायला त्याहून कमी वेळ लागला. बाई वाचली. आता रानात कामाला येते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते. आपत्तीची जेवढी म्हणून सरकारी व्यवस्था आहे, मग ती १०८ असो, ११२ असो, अग्निशमन असो, ती डांबर संपतं तिथं संपते. पुढचं आपलं. आणि पुढच्यासाठी आपण काहीच ठरवलेलं नसतं. पांदण रस्ता मागतानासुद्धा आपण ऊस निघत नाही, कापूस घरी येत नाही, एवढंच म्हणतो. माणूस निघत नाही, हे अर्जात कुणी लिहीत नाही.

फोन उचलणाऱ्याला तुमची वस्ती माहीत नाही

१०८ ची सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांवर. तुम्ही फोन लावता तो तालुक्याला नाही, पुण्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो. समोरच्या माणसाला "मारुतीच्या देवळापासून पुढं, आबाच्या विहिरीपाशी" हे सांगून काही उपयोग नाही. आपल्याकडं पिंपळगावं किती, वडगावं किती, नांदूर किती! एकाच जिल्ह्यात दोन-तीन तालुक्यांत सारखंच नाव. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग कुठल्या रस्त्यावरचा कोणता फाटा, या क्रमानं सांगायचं. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हेही ते विचारतील. वैताग करून फोन ठेवायचा नाही. त्या उत्तरांवर कोणती गाडी पाठवायची हे ठरतं. सगळ्या गाड्यांत व्हेंटिलेटर नसतो.

पावसात वस्तीवर रेंज जाते. कुठल्या बांधावर, कुठल्या टेकाडावर रेंज मिळते हे घरातल्या लेकरांनाही माहीत असावं. गुगल मॅपवर वस्तीचं ठिकाण आजच, रेंज असताना, सेव्ह करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून ठेवा. रात्री भिजलेल्या हातानं लोकेशन पाठवणं होत नाही, हे मी करून बघितलंय.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे फोन झाला की एक माणूस मोटारसायकलवर फाट्यावर गेलाच पाहिजे. बॅटरी घेऊन. रुग्णवाहिकेचा जास्त वेळ शेवटच्या चार किलोमीटरमध्ये वाट विचारण्यात जातो. रात्री अकराला विचारायला रस्त्यावर असतं कोण, कुत्री.

साप चावलेल्या माणसाला चालवायचं नाही, पळवायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही. देवळात नेऊन लिंबाचा पाला चावायला लावण्यात जो अर्धा तास जातो, तोच अर्धा तास आपल्याला चिखलात लागणार असतो. लस जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्यावं, म्हणजे दोन दवाखाने फिरायची वेळ येत नाही.

शहरातली माणसं पैसे देऊन जे करतात

पुण्या-मुंबईची हौशी मंडळी थार, जिम्नी घेऊन डोंगरात चिखल तुडवायला जातात. त्याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याला हसू येतं. आपण वडलांपासून तेच करतोय आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण हसून झाल्यावर नीट बघा. ती मंडळी एकटी गाडी कधी घालत नाहीत, कमीत कमी दोन गाड्या असतात. ओढायचा पट्टा, फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, सगळं गाडीत. कधी परत येणार हे घरी सांगून निघतात. म्हणजे जे हौस म्हणून जातात त्यांची तयारी पूर्ण, आणि ज्यांना रोज जावं लागतं त्या आपल्या ट्रॅक्टरच्या डब्यात एक पान्हा आणि गायछापची पुडी.

त्यांच्याकडून घ्यायचं तेवढं घ्यावं. सगळंच चालत नाही. ते टायरची हवा कमी करतात. वाळूत, नदीच्या पात्रात त्याचा फायदा होतो, टायर पसरतं. आपल्या काळ्या चिखलात टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत गोळा झालं की हवा कमी करून फार काही होत नाही. तिथं चाकापुढचा चिखल फावड्यानं काढणं आणि खाली काहीतरी घालणं हाच उपाय. पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, मुरूम, जुनी पोती, जे असेल ते. चाक जागेवर फिरायला लागलं की रेस देणं बंद करायचं. प्रत्येक फेऱ्याला ट्रॅक्टर चार बोटं खाली जातो. एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉकचं पायडल दाबून सरळ बाहेर काढायचा. लॉक असताना वळवायचा नाही.

ओढायचं काम सगळ्यात धोक्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साखळी किंवा पट्टा ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या हुकालाच लावायचा. वरच्या जोडाला नाही, मागच्या धुरीला गुंडाळूनही नाही. जोर वरून लागला की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं, विचार करायला वेळ मिळत नाही. आमच्या पोराला मिळाला, ते नशीब. साखळी आधी हळू ताणून घ्यायची, झटका द्यायचा नाही. मधोमध भिजलेलं गोणपाट किंवा जाड वाकळ टाकायची. तुटली तर तिचा मार कमी होतो. बघ्यांनी साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं राहायचं. आपल्याकडं ट्रॅक्टर फसला की अर्धं गाव साखळीच्या दोन्ही बाजूंनी "घे, घे, घे" करत उभं असतं. तुटलेल्या साखळीला आपला-परका कळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, रानात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन्ही पट्टीनं जोडायची असतात. किती जण जोडतात? वेगात असताना एकाच पायडलवर पाय पडला की ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि उलटतो. धारूरच्या घाटात, मांजरसुंब्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे आपल्यातलेच आहेत. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो. मागचं वजन पुढच्याला ढकलत नेतं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांना हे कारखान्याच्या रस्त्यावर चांगलं कळतं, दोन-दोन ट्रॉल्या घेऊन रात्रभर जागे असतात. पण गावात आल्यावर तेच विसरतात.

स्वीडन नावाच्या देशानं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ड्रायव्हरभोवती लोखंडी सांगाडा सक्तीचा केला. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये म्हणून. तिथं उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण पुढं नावाला उरलं. आपल्याकडं ट्रॅक्टरवर छत दिसतं ते बहुतेक ठिकाणी उन्हासाठीचं असतं, लेथवाल्याकडून करून घेतलेलं. उलटल्यावर ते पत्र्याच्या डब्यासारखं चेपतं. नवा ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये म्युझिक सिस्टीमची चौकशी आपण करतो, या सांगाड्याची आणि पट्ट्याची करत नाही. सांगाडा असला तरी पट्टा लावलेला पाहिजे, नाही तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली येतो.

फरशी पुलावरचं पाणी

आपले अर्धे रस्ते फरशी पुलावरून जातात. पाणी वरून वाहायला लागलं की दोन्ही काठांवर माणसं थांबतात आणि मग एक जण म्हणतो, "गुडघाभरच आहे." तिथूनच बातमी सुरू होते.

अमेरिकेच्या हवामान खात्याचा हिशेब साधा आहे. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी उभा माणूस पडू शकतो. एक फूट पाणी छोटी कार उचलू शकतं, आणि दोन फूट वाहत्या पाण्यात बहुतेक चारचाकी गाड्या तरंगून जातात. गाडी जड आहे म्हणून ती टिकते हा आपला गैरसमज आहे. ट्रॅक्टर उंच असतो, त्यामुळं थोडा जास्त दम धरतो, आणि म्हणूनच ट्रॅक्टरवाला जास्त धाडस करतो. पण पाण्याखालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे वरून गढूळ पाण्यात कुणालाच दिसत नाही. खांब दिसतात, कडा दिसत नाही.

आणि बालाघाटाचा स्वभाव लक्षात घ्या. वर पाटोद्याकडं पाऊस होतो, खाली आपल्याकडं चांदणं असतं. नाला तासाभरात भरतो आणि पाऊस थांबला की बराचसा उतरतोही. दोन तास थांबलेला माणूस पार होतो. अडचण पेशंट असताना येते, तेव्हा दोन तास नसतात. म्हणून दुसरी वाट आधीच माहीत पाहिजे. लांबची असेल, शेजारच्या गावाच्या शिवेवरून असेल, पण तिच्यावर नाला लागत नाही एवढं बघून ठेवायचं. ती वाट ज्याच्या रानातून जाते त्याच्याशी भांडण असेल तर ते मिरगाआधी मिटवा. रात्री दोनला बाज खांद्यावर घेऊन बांधाचं भांडण मिटत नाही.

दिवस भरलेल्या बाईच्या बाबतीत तर वाट बघायचीच नाही. तारखेच्या आठवडाभर आधी तिला डांबरावरच्या गावात पाहुण्याकडं ठेवा. गरोदर बाईला ने-आण करायला १०२ ची गाडी असते, आशाताईंना आधी सांगून ठेवलं की तिची सोय होते. यात कमीपणा काही नाही.

ट्रॉली माणसांची नाही, हे आपल्याला माहीत आहे

४ एप्रिल २०२५ ची नांदेडची घटना आठवते का? हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात बायांचा जीव गेला. विहिरीतलं पाणी मोटारी लावून उपसावं लागलं.

ती विहीर आलेगावची होती म्हणून आपण हळहळून पुढं गेलो. पण तुमच्या माझ्या रानात जायच्या वाटेवर किती विहिरी आहेत बघा. गाडीवाटेपासून दोन हात अंतरावर, कठडा नाही, काठावर गवत वाढलेलं. पावसाळ्यात तेच गवत वाटेइतकंच हिरवं दिसतं. ड्रायव्हर बहुतेक वेळा मालकाचा अठरा-वीस वर्षांचा पोरगा, लायसन्स कधी असतं कधी नसतं. मागं ट्रॉलीत पंधरा बाया, त्यात दोघींच्या कडेवर लेकरं.

कायद्यानं ट्रॉली मालाची आहे, माणसं बसवायची परवानगी नाही. त्यामुळं अपघात झाला की विमा कंपनी ट्रॉलीतल्या माणसासाठी हात वर करते. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बाया ट्रॉलीत बसतात, कारण रानापर्यंत दुसरं काही जात नाही आणि तीन किलोमीटर चालत गेलं तर रोजातला तास जातो. मी स्वतः खुरपणीला बाया ट्रॉलीतनं आणल्यात, खोटं बोलत नाही. निदान एवढं तर करता येतं, की वाटेवरच्या विहिरीला कठडा होईपर्यंत चार खांब रोवून पांढरं पोतं बांधा, ट्रॉलीचं मागचं फाळकं लावा, विहिरीजवळ सगळ्यांना उतरवून चालत पुढं न्या. विहिरीवर एक लांब नाडा आणि ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब कायम टांगून ठेवा. बुडणाऱ्याला धरायला ट्यूब मिळाली तर वरच्यांना शिडी आणायला वेळ मिळतो.

पैशाचं बोलायला बरं वाटत नाही, पण मागं राहिलेल्यांना तेच लागतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि कुटुंबातल्या एका सदस्याला अपघाती मृत्यूवर २ लाख रुपये मिळतात. साप, वीज, विजेचा शॉक, वाहन अपघात हे त्यात येतं. अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. आपण तेरावा होईपर्यंत कागदाला हात लावत नाही, तिथंच निम्मे दिवस जातात. मयत स्वतः गाडी चालवत असेल तर लायसन्स मागतात, आणि दारू पिऊन चालवत असेल तर प्रकरण बसतच नाही. ज्या नेत्याचं नाव या योजनेला आहे, ते आपल्या जिल्ह्याचे मुंडे साहेबही ३ जून २०१४ ला दिल्लीच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातातच गेले.

पण ही योजना सातबारावाल्याची. ट्रॉलीत बसणारी बाई बहुतेक वेळा भूमिहीन असते. आलेगावनंतर सरकारनं वेगळी मदत जाहीर केली, कारण बातमी मोठी झाली. एकटी-दुकटी गेली तर कोण जाहीर करणार? तिच्यासाठी बँकेतला पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूवर २ लाख. ज्याच्या रानात बाया कामाला येतात त्यानं मुकादमाला सांगून एवढं बघून घ्यावं. खात्यात मे महिन्यात पैसे नसले तर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो, त्यामुळं पासबुकावर एंट्री आहे का हे आत्ताच बघायचं.

रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलायला माणसं अजूनही घाबरतात, पोलीस मागं लागतील म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार करायची केंद्राची योजनाही आहे. दवाखान्यात गेल्यावर तोंडानं विचारा, आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही.

रस्ता मागायचा तर कसा मागायचा

पांदण रस्त्यांचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. नकाशावर रस्ता आहे, रानात नाही. शासनाच्याच निर्णयात गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्ग सव्वाआठ फूट धरलाय. दरवर्षी दोन्हीकडचा नांगर एकेक तास आत येतो, आणि वीस वर्षांत बैलगाडीची वाट मोटारसायकलची होते. रुग्णवाहिकेला अंगाचीच दोन मीटर रुंदी लागते, शिवाय वळायला जागा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात घ्यावी, असा निर्णय काढला. कागदावर चांगलं आहे. अडवलेला जुना रस्ता मोकळा करायचा असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करायचा, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा पाहिजे असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. हे दोन अर्ज वेगळे आहेत. चुकीच्या कलमाखाली अर्ज केला की वर्ष जातं आणि समोरचा हसतो.

माझं सुचवणं एवढंच की अर्जात आणि ग्रामसभेच्या ठरावात फक्त "शेतमाल वाहतुकीस अडचण" असं न लिहिता त्या वाटेवर किती घरं राहतात, किती लेकरं शाळेत जातात, गेल्या तीन वर्षांत किती पेशंट बाजेवर काढले, तारखेसह लिहा. आशाताईंच्या वहीत तारखा असतात. फाट्यावर रुग्णवाहिका थांबल्याचा फोटो असेल तर जोडा. अडवणाऱ्या भावकीलाही हे वाचून दाखवा. उसाच्या ट्रॉलीसाठी बांध न सोडणारा माणूस पेशंटसाठी सोडतो, असा माझा दोन ठिकाणचा अनुभव आहे. तिसऱ्या ठिकाणी नाही सोडला, तेही सांगतो.

पण रस्ता यायला वर्षं लागतील आणि पाऊस आठ दिवसांत येणार. साप चावलेल्या त्या बाईच्या वस्तीवरच्या सहा घरांनी तोवर वर्गणी काढली. तेवीसशे रुपयांत एक जाड पट्टा, दोन डी कड्या आणि एक चार्जिंगची मोठी बॅटरी आणली, ती ट्रॅक्टरवाल्याच्या ओसरीत खुंटीला आहे, कुलूप नाही. नाल्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. फाट्यावर कोण जायचं हे ठरलंय, तो घरी नसला तर दुसरा कोण, तेही ठरलंय. नाल्यात टाकायच्या सिमेंटच्या नळ्या दोन वर्षांपूर्वी मंजूर झाल्या होत्या. त्या आल्यासुद्धा. गावात शाळेच्या भिंतीला लागून पडल्यात, पोरं त्यांत लपंडाव खेळतात. गुरुवारच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्यायचा असं ठरलंय, सहाही घरची माणसं जाणार आहेत. बाई पण येणार आहे.